साडेतीनशे ग्रॅम

डॉक्टर डोणगावकर बाई धंतोलीहून हिंगण्याला आल्या,
मे महिन्यात, माझ्या शेडमध्ये,
जिथं कूलरच्या वाळ्याचा वास
आणि कूलंटचा आंबूस वास भांडत असतात.
हातात कागद. पेन्सिलीचं चित्र.
"नंदनवार, असा पटर पाहिजे. ओतीव नको.
एका ठोकळ्यातून कोरलेला."

म्हटलं, बाई, मी पंपाचे इम्पेलर करतो,
गिअरबॉक्सची झाकणं करतो.
गोल्फ पाहिला तो कामठीला, छावणीच्या तारेबाहेरून,
सायकलवर एक पाय टेकवून, एकदाच.
त्या हसल्या.
"मी रोज लोकांचे गुडघे बसवते.
धावणं मला तरी कुठं येते?"

ठोकळा आला. कार्बन स्टील, अडीच किलो.
त्यातले ठेवायचे साडेतीनशे ग्रॅम,
बाकी सगळा किस.
इंद्रपाल म्हणे, "भाऊ, एवढं लोखंड फेकून राहिले
एवढ्याशा दांड्यापायी?"
मी बोललो नाही.

बाप हातमागावर बसायचा, गोळीबार चौकाच्या मागं.
दिवा न लावता
अंगठा फिरवून सुताचा नंबर सांगायचा.
मी हसायचो.
माझ्याजवळ मायक्रोमीटर होता.

दुपारी माप घ्यायचं नाही.
सेहेचाळीस अंशांत लोखंड फुगते
आणि खोटं बोलते.
म्हणून पहाटे पाचला शटर अर्धं वर,
ठोकळा रात्रभर निवलेला,
मशीनच्या तेलाला अजून जाग नाही.
शेवटचा हात फ्लाय कटरचा,
एकच दात, अगदी सावकाश.
चेहऱ्यावर उमटत गेल्या बारीक कमानी,
फणीनं ओढलेल्या रांगोळीसारख्या.
अंगठा ठेवला.
खरखरीत नाही. गुळगुळीतही नाही.
खळ दिलेलं नवं लुगडं,
घडी मोडायच्या आधीचं.
तिथंच उभा राहिलो थोडा वेळ.
बाप असता तर त्याच्याकडे
न पाहताच पुढे केला असता.

पहिला बिघडला.
मानेचं भोक दोन शतांश डावीकडे.
कुणाला कळलं नसतं.
इंद्रपाल तेच म्हणाला, दोनदा.
मी दुसरा ठोकळा शिकंजात धरला.

बाई आल्या, ओपीडीच्या आधी.
रेघ पाहिली नाही, वजन विचारलं नाही.
खिशातून चेंडू काढला, शेडच्या फरशीवर ठेवला,
समोर इंद्रपालचा चहाचा ग्लास.
आवाज आला तो
टक नव्हता, टणही नव्हता.
पिकल्या कवठावर बोट वाजवावं,
आतून गच्च, भरलेलं, तसा काहीतरी.
चेंडू ग्लासच्या अलीकडे थांबला.
त्यांनी पुन्हा मारला, डोळे मिटून.
"कोपरापर्यंत कळते," म्हणाल्या,
आणि पुन्हा.
बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता.

बिलात मशीनचे तास लावले.
पहाटा कशा लावायच्या, ते इंद्रपाललाही ठाऊक नव्हतं,
आणि जीएसटीचा हिशोब तोच करतो.

बिघडलेला माझ्या घरी आहे.
रविवारी ऊन चढायच्या आत गच्चीवर जातो,
शैलजा वरणाची वाटी आडवी ठेवून देते,
"रिकामी आहे तोवर खेळा," म्हणते.
कच्चं स्टील, खोबरेल लावायला विसरलो की
घाम धरून ठेवते.
डोक्यावर, जिथं उचलताना हात जातो,
तिथं अंगठ्याचा तपकिरी डाग पडला आहे.
तिनं घासणी आणली होती.
मी ती पाण्याच्या टाकीमागं लपवली.

चेंडू अजूनही डावीकडे जातो, पन्हाळीच्या पाइपाकडे.
त्या दोन शतांशांमुळं, की माझ्या मनगटामुळं,
मोजून पाहता येईल.
मोजत नाही.
थोडं उजवीकडे धरतो
आणि ऐकतो.